जुन्या आरसी गाड्यांची शर्यत: मोटर उघडणारी की सीलबंद?

ब्रशवाला
आमच्या इथे कॅलिफोर्नियात जुन्या इलेक्ट्रिक आरसी (रिमोटवर चालणाऱ्या छोट्या) गाड्यांच्या वर्गाला नवा नियम लावायचं चाललंय. सगळ्यांनी टामिया कंपनीच्या किटमध्ये येते ती चंदेरी डब्याची ५४० आकाराची मोटरच लावायची. ती उघडत नाही, कार्बन (फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश) बदलता येत नाहीत, टायमिंग (फिरताना वीज कधी पालटते ती वेळ) हलत नाही. माझा सपशेल विरोध! ऐंशीच्या दशकात रीडी, ट्रिनिटी या ब्रँडच्या मोटरी लोक खोलायचे. कार्बन ज्यावर घासतात त्या कम्युटेटरवर लेथचा हलका हात, मग नवे कार्बन दोन-तीन व्होल्टवर फिरवून त्याच्या गोलाईला बसवायचे, मोटरीची मागची टोपी किंचित फिरवून टायमिंग पुढे घ्यायचं. अर्धी शर्यत टेबलावरच व्हायची. ते काढलं की उरलं काय, जुन्या बॉडींची मिरवणूक?

काटकसरे
आणि टेबलावरची ती अर्धी शर्यत जिंकायचं कोण? ज्याच्याकडे लेथ आहे तो. मोटरीत तारेचे २७ वेढे असा 'स्टॉक' वर्ग म्हणे सगळ्यांना समान. त्यातही डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, निवडलेल्या मोटरी जादा भावाने विकल्या जायच्या. सीलबंद स्वस्त आहे, नवी मिळते, पोरांना परवडते. नियम योग्य आहे.

ब्रशवाला
सीलबंदही सगळ्या सारख्या नसतात हो. पैसेवाला दहा घेईल, त्यातली एक ठेवील.

काटकसरे
घेऊ दे की. दहा घेऊनही तुमच्या एका जुन्या रीडीपेक्षा स्वस्तात सुटेल.

खोक्यातला_माल
मी तिसऱ्याच कारणाने नियमाच्या बाजूने. लेथवर दर वेळी कम्युटेटरचं तांबं कमी होतं. घरची पंपाची मोटर जळली तर वाइंडिंगवाला भरून देतो, पण झिजलेल्या कम्युटेटरवर तांबं कोण चढवणार? त्या काळची आर्मेचरं (कम्युटेटरसकट फिरणारे भाग) आता कोणी बनवत नाही. शर्यतीत घालून संपवायची असतील तर खुशाल संपवा, माझी मिळणार नाहीत.

वेढे_मोजणारा
दोन्ही पक्ष मोटरीवरून भांडताहेत, बॅटरीकडे कोणाचं लक्ष नाही. वेढे कमी केले की मोटर जास्त वेगाने फिरते, पण मोटर करंटही जास्त ओढते. त्या काळी ७.२ व्होल्टचा निकॅड (निकेल-कॅडमियम) बॅटरीचा पॅक असायचा, १२०० एमएएच क्षमतेचा. ४ मिनिटांच्या शर्यतीला तो पुरवायचा म्हणजे सरासरी १८ अँपिअर, त्यापलीकडे एक थेंब नाही. म्हणून कमी वेढ्यांची मोटर लावणारा सुरुवातीला पुढे पळायचा आणि शेवटच्या फेरीत रांगायचा. किती वेढे, कोणतं पिनियन (मोटरीवरचा छोटा गिअर), कुठे थ्रॉटल सोडायचा, सगळा हिशोब त्या १२०० मध्ये बसवायचा. आज ५००० एमएएचची लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी टाकून जुनी रीडी पळवता, तेव्हा यातलं काहीच शिल्लक नसतं. ब्रशवाले, तुमची अर्धी शर्यत लायपोनेच खाल्ली, नियमाने नव्हे.

नवा_गडी
ब्रशलेस (कार्बन नसलेली) मोटर का नको? ना कार्बन, ना लेथ, ना भांडण.

खोक्यातला_माल
टामियाच्या १९८४ च्या हॉर्नेट गाडीमध्ये? तिचा गिअरबॉक्स आणि टामियाच्याच ग्रासहॉपर गाडीचा जवळपास एकच, आणि ग्रासहॉपर तर ५४० हून लहान अशा ३८० मोटरवर निघाली होती. तगडी ब्रशलेस लावून पाहा, मग गिअरचे तुटलेले दात वेचत बसा.

ब्रशवाला
बॅटरीचा मुद्दा मान्य, पण १२०० चे चांगले निकॅड आणायचे कुठून? युरोपात तर त्यांच्यावर बंदीच आहे.

वेढे_मोजणारा
सेल शोधूच नका, वेळ वाढवा. त्याच १८ अँपिअरने ५००० ची लायपो साधारण १६ मिनिटं चालेल. तेवढी लांब शर्यत ठेवा आणि मोटर हवी ती लावू द्या. काटकसरेंची सीलबंदसुद्धा पुढे येईल.

ब्रशवाला
१६ मिनिटं? कार्बनच्या स्प्रिंगा तापून ढिल्या पडतील.

वेढे_मोजणारा
१२ वेढ्यांची लावलीत तर पडतीलच. २७ ची लावा.