लॅपटॉपची बांधणी आणि कार्यप्रणाली : परभणी-नांदेडकडच्या वापरासाठी निवड कशी करावी?

सेलूकर

नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातील सेलू येथे कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. चार वर्षांपूर्वी घेतलेल्या माझ्या लॅपटॉपची उजवी बिजागरी गेल्या महिन्यात उखडली. झाकण उघडत असताना कोपऱ्यातील प्लास्टिकला तडा गेला आणि पडद्याकडे जाणारी केबलही दुखावली. लॅपटॉप एकदाही हातातून पडलेला नव्हता, त्यामुळे दोष बांधणीचाच असावा असे माझे मत झाले आहे.

आता दोन यंत्रे घ्यायची आहेत. एक माझ्यासाठी आणि दुसरे मुलीसाठी. ती नांदेडला यंत्र अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात आहे. माझे काम लेखन आणि प्रश्नपत्रिकांचे असले, तरी पंधरा वर्षांच्या जुन्या फाइली श्रीलिपी या जुन्या मराठी टंकलेखन-सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये आहेत, ही माझी खरी अडचण आहे. एक सहकारी मॅकबुक सुचवतात, भाचा लिनक्सचा आग्रह धरतो. कोणत्या कंपनीची बांधणी टिकाऊ मानावी आणि कार्यप्रणाली कोणती निवडावी, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

दुरुस्तीवाला, छत्रपती संभाजीनगर

सर, अठरा वर्षे लॅपटॉप उघडून दुरुस्त करतो आहे, त्या अनुभवावरून लिहितो. कोणती कंपनी चांगली, यापेक्षा त्या कंपनीची कोणती मालिका, हे आधी विचारावे लागते. लेनोव्होचा थिंकपॅड आणि लेनोव्होचाच आयडियापॅड, डेलचा लॅटिट्यूड आणि इन्स्पिरॉन, एचपीचा एलिटबुक आणि पॅव्हिलियन यांच्यावरचे नाव एकच असले, तरी आतली बांधणी वेगळी असते. प्रत्येक जोडीतील पहिली मालिका कार्यालयांसाठीची आहे; अशा मालिका रोज अनेकदा उघडझाप होईल असे गृहीत धरून बनवलेल्या असतात. थिंकपॅडची परंपरा तर १९९२ मध्ये आयबीएमने सुरू केलेली आहे आणि २००५ मध्ये तो व्यवसाय लेनोव्होकडे गेला. डेलने २०२५ मध्ये मालिकांची नावे बदलली, त्यामुळे नव्या मालात लॅटिट्यूडच्या जागी डेल प्रो हे नाव दिसेल.

आपली बिजागरी का उखडली, ते सांगतो, कारण माझ्या टेबलावर येणाऱ्या स्वस्त लॅपटॉपमध्ये हाच बिघाड सर्वांत जास्त असतो. हिंज, म्हणजे बिजागरी, स्वतः लोखंडी असते आणि ती सहसा मोडत नाही. ती ज्या स्क्रूंनी बसवलेली असते, ते स्क्रू प्लास्टिकमध्ये दाबून बसवलेल्या पितळी नटांत फिरतात. काही वर्षांत हिंज घट्ट होते, झाकण उघडताना जोर वाढतो आणि तो सगळा जोर त्या नटांवर येऊन ते प्लास्टिकसकट बाहेर येतात. झाकण एका कोपऱ्याला धरून उघडण्याची सवय असेल तर हे लवकर घडते. महागड्या मालिकांमध्ये हिंज मॅग्नेशियमच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीला धरलेली असते, म्हणून ती टिकते.

दुकानात गेल्यावर झाकण मधोमध धरून उघडा. कीबोर्डच्या मध्यभागी अंगठ्याने दाबा. तो खोल दबत असेल तर सी पॅनेल, म्हणजे कीबोर्ड ज्यात बसवतात ते वरचे आवरण, कमकुवत आहे. त्याआधी घरी एक काम करा, जे फार थोडे ग्राहक करतात. एचपी, डेल आणि लेनोव्हो आपल्या बहुतेक मॉडेलांची दुरुस्ती-पुस्तिका संकेतस्थळावर मोफत ठेवतात. तिच्यात यंत्र कसे उघडते, रॅम बदलता येते की बोर्डावरच झाळलेली आहे, बॅटरी किती स्क्रूंनी निघते, हे चित्रांसह दिलेले असते. जाहिरातीतल्या ‘लष्करी दर्जा’ या शब्दांवर मात्र विसंबू नका. मिल-एसटीडी-८१० हे अमेरिकी संरक्षण खात्याचे चाचणी-मानक आहे. त्यातील कोणत्या चाचण्या घ्यायच्या हे कंपनीच ठरवते, म्हणून त्या कोणत्या होत्या ते वाचून पाहावे.

राहिला उष्णतेचा प्रश्न. मे महिन्यात परभणीचा पारा चाळिशीच्या वर असतो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहूनही जास्त. कित्येक लॅपटॉपांच्या तपशीलपत्रात वापराचे कमाल तापमान ३५ अंशच लिहिलेले असते. त्यातच आपल्याकडे कापसाच्या हंगामात तंतू उडतात. ते पंख्यामागच्या जाळीत गोळा होऊन नमद्यासारखा थर बसतो आणि हवा बाहेर पडेनाशी होते. वर्षातून एकदा पंखा साफ करून घ्या. गादीवर ठेवून लॅपटॉप वापरू नका.

लातूरची अनुवादक

सेलूकर सर, मी चार वर्षांपासून मॅकबुक एअर वापरते. त्यात पंखाच नाही, त्यामुळे वरच्या प्रतिसादात सांगितलेला तंतूंचा त्रास होत नाही. पंखा नसल्याने भर उन्हाळ्यात जड काम दिले की यंत्र स्वतःचा वेग कमी करते. लेखनात मला हा फरक जाणवला नाही. बॉडी अ‍ॅल्युमिनियमच्या एकाच ठोकळ्यातून कोरलेली असल्याने बिजागरीजवळ तडा जाण्यासारखे काही नाही.

तरीही तीन गोष्टी विचारात घ्या. रॅम नंतर वाढवता येत नाही. झाकण आणि कीबोर्ड यांच्यातील फट इतकी कमी आहे, की कॅमेऱ्यावर झाकणी चिकटवून लॅपटॉप बंद केल्यास पडदा फुटू शकतो. ही सूचना खुद्द अ‍ॅपलने २०२० मध्ये दिली होती. तिसरी गोष्ट आमच्या जुन्या वाड्यातील आहे. घरात अर्थिंग नव्हते, तेव्हा चार्जिंग सुरू असताना धातूच्या बॉडीला मनगट टेकले की झिणझिण्या येत. अर्थिंग करून तीन पिनांची केबल लावल्यावर ते थांबले.

मुलीसाठी मात्र मॅक घेऊ नका. सॉलिडवर्क्स हे यंत्र अभियांत्रिकीतील सॉफ्टवेअर विंडोजसाठीच बनते आणि अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपवर पूर्वीसारखे बूट कॅम्प (मॅकवर विंडोज बसवण्याची अ‍ॅपलची सोय) वापरून विंडोज टाकता येत नाही.

गोदाकाठ, नांदेड

मी शाळेच्या संगणक कक्षात लिनक्स बसवतो, म्हणून भाच्याची बाजू मांडतो, आणि तिची मर्यादाही. विंडोज १० चे नियमित समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट अवस्थेतील कित्येक जुनी यंत्रे अडगळीत गेली. अशा यंत्रांवर उबुंटू २४.०४ किंवा लिनक्स मिंट हे लिनक्सचे प्रकार सुरळीत चालतात. उबुंटूच्या या आवृत्तीला २०२९ पर्यंत सुरक्षा सुधारणा मोफत मिळतील. सर, तुमच्या जुन्या लॅपटॉपचा बोर्ड शाबूत असेल तर बाहेरचा मॉनिटर जोडून तो अजूनही कामाला येईल.

मराठी टंकलेखनासाठी विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही कार्यप्रणालींत युनिकोड (कोणत्याही यंत्रावर अक्षरे सारखीच दिसतील अशी संकेतपद्धती) आहे आणि इनस्क्रिप्ट या कीबोर्डची मांडणीही जवळजवळ सारखीच आहे, कारण ती १९८६ पासून सरकारी प्रमाण आहे. बोटे एकदा तयार झाली की यंत्र बदलले तरी अडत नाही. अडेल ते श्रीलिपीपाशी. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात, त्यामुळे फॉन्ट नसला की मजकुराऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. त्या फाइली ज्या विंडोजवर आज उघडतात, तिथेच त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि रफार, जोडाक्षरे व ऱ्हस्व वेलांट्या नजरेखालून घाला. यंत्राने केलेल्या रूपांतरात चुका याच ठिकाणी राहतात. हे काम पूर्ण होण्याआधी विंडोज सोडू नका.

सेलूकर

सर्वांचे मनापासून आभार. मुलीसाठी विंडोजचा, कार्यालयीन मालिकेतील लॅपटॉप घेण्याचे ठरवले आहे. माझ्यासाठी वापरलेला थिंकपॅड किंवा लॅटिट्यूड घ्यावा असे मनात आहे. त्यात काय तपासावे, हे कळले तर बरे होईल.

दुरुस्तीवाला, छत्रपती संभाजीनगर

इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीपेक्षा जुना नसावा. झाकण अर्धे उघडून सोडा. ते जागच्या जागी थांबले पाहिजे. खालच्या कव्हरचे सगळे स्क्रू आहेत का, ते मोजा, कारण एखादा कमी असेल तर यंत्र आधी उघडलेले आहे. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टंकण्याच्या खिडकीत) पॉवरसीएफजी या आज्ञेने बॅटरी अहवाल काढा; त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी शेजारी दिसतात. आजची क्षमता निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीची किंमत वजा करूनच सौदा करा.