बारा वर्षांनी पुन्हा ट्रकवर चढायचं आहे, इंदूर–भिवंडी लाइनवाल्यांची मदत हवी

नमस्कार मंडळी,

सुदामा नगर, इंदूरहून लिहितोय. वय ४७. १९९६ साली क्लीनर म्हणून गाडीवर चढलो, २००० मध्ये हेवी लायसन्स निघालं आणि २०१३ पर्यंत भिवंडी लाइनवर चालवली. आधी टाटा १६१३, मग दहा चाकी २५१५. जाताना सोयाबीनची ढेप नाहीतर पीथमपूरच्या कारखान्यांचा माल, येताना भिवंडीहून परचून, म्हणजे किरकोळ मिश्र माल. २०१३ च्या पावसाळ्यात आईला लकवा झाला. मी एकुलता एक. गाडीची चावी सेठच्या हातात दिली आणि घराच्या पुढच्या खोलीत झेरॉक्सचं दुकान टाकलं. आई मागच्या दिवाळीनंतर गेली. दुकानाचं म्हणाल तर आता सगळं लोकांच्या मोबाइलवर असतं, विजेचं बिल सुटलं तरी पुष्कळ. मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला मनापासून येणारं काम एकच, म्हणून परत जायचं ठरवलंय. बायको हो म्हणाली आहे, पण रात्रीच्या गाडीचं नाव काढलं की गप्प होते.

पहिली अडचण लायसन्सची. कार्डावर दोन तारखा आहेत. स्कूटर आणि कारची २०३० पर्यंतची, कारण २०२० मध्ये तेवढं वाढवून घेतलं होतं. ट्रान्सपोर्टची मात्र २०१५ मध्येच संपलेली. तेव्हा वाटलं, आता कुठे चालवायचंय. जुन्या सवयीने माझ्या डोक्यात होतं की मुदत संपल्यावरही पाच वर्षं ट्रायलशिवाय नूतनीकरणाची सवलत असते. ती आता नाही असं ऐकतो. नक्की काय करावं लागेल? मला दूरचा चष्माही लागला आहे.

दुसरी अडचण मला जास्त टोचते. गेल्या रविवारी इथे इंदूरच्याच देवास नाक्यावर एका जुन्या ओळखीच्या पोराकडे गेलो. माझ्या हाताखाली क्लीनर होता, आता बारा चाकी चालवतो. म्हणाला, उस्ताद, बसा ना. बसलो. सीट हवेवर खाली गेली आणि माझे पाय पेडलवर जरा उशिराच पोचले. चावी फिरवल्यावर समोरचे सगळे दिवे एकदम लागले आणि एकेक करून विझले, एकच तेवढा राहिला. मी विचारलं, हा कसला? तो म्हणाला, यूरिया कमी आहे. मी आयुष्यात यूरिया फक्त शेतात टाकलेला पाहिला होता. आवारातच दोन चकरा मारल्या. स्टिअरिंग एका बोटाने फिरतं, क्लच लोण्यासारखा. पण गियर टाकताना माझा हात जुन्या जागी जायचा आणि तिथे भलताच गियर असायचा. त्या पोराने एक शब्द काढला नाही, याचंच जास्त वाईट वाटलं. घरी येताना रस्ताभर उजवा पाय दुखत होता.

तिसरी गोष्ट घाटाची. मानपूर सोडल्यावर गणेश घाट आणि पुढे सेंधव्यानंतर बिजासन, हे दोन्ही मी शेकडो वेळा उतरलोय, भरल्या गाडीने, पावसात, धुक्यात. २००९ मध्ये गणेश घाटात माझ्या डोळ्यांसमोर एक गाडी सुटली. ती पुढच्या तीन गाड्यांना घेऊन गेली. ड्रायव्हर माझ्याच वयाचा होता. त्याच्या केबिनमधून खाली पडलेला स्टीलचा डबा मी उचलून बाजूला ठेवला होता, त्यात पोळ्या तशाच गुंडाळलेल्या होत्या. तेव्हापासून मी घाटात कधी न्यूट्रल केलं नाही. आता नव्या गाडीचे ब्रेक वेगळे, वजन वेगळं. हाताला सवय नसताना एकदम घाटात उतरणं बरोबर आहे का?

एका ट्रान्सपोर्टवाल्याने सांगितलं, अनुभव पाहिजे, पण मागच्या तीन वर्षांचा. तेरा वर्षांची लाइन सांगितली, तर त्याने कागदावरून मान वर केली नाही. असंच सगळीकडे चालतं का?

प्रतिसाद

दादा, मी देवासचा, अजून याच लाइनवर आहे. आधी लायसन्सचं सांगतो. सप्टेंबर २०१९ पासून नियम बदलला. मुदत संपून एका वर्षाच्या आत गेलात तर नुसतं नूतनीकरण होतं, वर्ष उलटलं की परत ट्रायल, म्हणजे गाडी चालवून दाखवायची परीक्षा. म्हणजे तुम्हाला ट्रायल द्यावीच लागणार. नायता मुंडल्याच्या आरटीओत जाण्याआधी ऑनलाइन अर्ज भरा आणि डॉक्टरांकडून फॉर्म १-ए, म्हणजे मेडिकल सर्टिफिकेट घ्या. चष्म्याने नीट दिसत असेल तर अडत नाही, लाल-हिरवा ओळखता येतो का ते बघतात. एक गोष्ट चांगली झाली आहे: ट्रान्सपोर्टचं लायसन्स आता तीनऐवजी पाच वर्षांचं मिळतं. ट्रायलआधी एखाद्या हेवीच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पंधरा दिवस घाला, पैसे वाया जाणार नाहीत.

यूरियाचं म्हणाल तर २०२० पासूनच्या गाड्या बीएस-६ आहेत, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमांच्या, आणि धुरातला विषारी वायू मारायला ते यूरियाचं पाणी लागतं. टाकी वेगळी, झाकण निळं. डिझेलच्या टाकीत चुकूनही टाकू नका, पंप आणि इंजेक्टर दोन्ही जातात. यूरिया संपला तर गाडी आपोआप ताकद कमी करते, आणि चढावर ते फार महागात पडतं. म्हणून निघताना डिझेलसारखाच यूरियाही बघायचा.

घाटाचं तुमचं बरोबर आहे. तेच जुनं सूत्र अजून चालतं: ज्या गियरमध्ये चढाल त्याच गियरमध्ये उतरा, एक्झॉस्ट ब्रेक लावून, म्हणजे इंजिनच गाडीला धरून ठेवतं. सतत ब्रेकवर पाय ठेवला की लायनर तापतात आणि मग पाय दाबूनही काही होत नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडणारे आजही आहेत, घाटात तेच मरतात. गणेश घाटात आता उतरणाऱ्या गाड्यांसाठी नवा रस्ता काढला आहे, उतार बराच सौम्य आहे. तरी माझं मत असं की पहिले दोन महिने पीथमपूर ते देवास नाका अशी जवळची गाडी करा. पगार कमी मिळेल, पण हात बसेल. बिजासन कुठे पळून जात नाही.

प्रतिसाद

मी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्टी, म्हणजे मालाची पावती बनवतो. सेठ लोक अनुभव का विचारतात ते सांगतो. ड्रायव्हरचं लायसन्स चालू नसताना अपघात झाला तर विमा कंपनी पैसे मालकाकडून वसूल करू शकते. त्यामुळे त्यांच्यासाठी आधी कागद आणि मग माणूस. लायसन्स हातात आल्यावर जा, तेव्हा ऐकून घेतील. मागे ज्यांच्याकडे चालवली त्यांच्याकडून एक चिठ्ठीही घेऊन ठेवा.

रस्त्याचं बरंच बदललं आहे. टोलची रोकड आता ड्रायव्हरच्या हातात नसते, फास्टॅगमधून कापली जाते. मालासोबत लागणारं ऑनलाइन ई-वे बिल २०१८ पासून आहे. त्याची मुदत दर दोनशे किलोमीटरला एक दिवस. म्हणजे इंदूर–भिवंडीला साधारण तीन दिवस मिळतात. गाडी बिघडून अडकलात तर मुदत संपण्याच्या आठ तास आधी किंवा नंतर ऑफिसकडून वाढवून घ्यायची, म्हणून ऑफिसला लगेच फोन करा. आणि सेंधव्याच्या बॅरियरवर तुम्ही किती रात्री काढल्या असतील ते मला माहीत आहे. १ जुलै २०२४ पासून मध्य प्रदेशातले परिवहन चेकपोस्ट बंद झाले. त्या रांगेत आता कोणी रात्र काढत नाही.

माझा प्रतिसाद

दोघांचे मनापासून आभार. सेंधव्याचं बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. त्या रांगेतून मी तिला एसटीडीवरून फोन करायचो, ते तिला अजून आठवतं. उद्या मेडिकल करून घेतो, सोमवारी नायता मुंडला. पीथमपूरची जवळची गाडी पटली, घरीही पटली, कारण रोज रात्री परत येता येईल.

एकच विनंती राहिली. पीथमपूर बाजूला बारा चाकी चालवणारं कोणी इथे असेल तर लायसन्स येईपर्यंत एक-दोन फेऱ्या मला शेजारी बसू द्याल का? स्टिअरिंगला हात लावणार नाही. तुमचा हात गियरवर कुठे जातो तेवढं बघायचं आहे. सकाळी कितीही वाजता राऊ सर्कलला येईन, चहा माझ्याकडून.