मदत हवी आहे : ब्रह्मदेशाच्या राजधान्या इतक्या का हलल्या?

लेकीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी विचारतेय. आम्ही रत्नागिरीकर, म्हणून इथल्या थिबा राजवाड्यापासून (थिबा म्हणजे ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा) सुरुवात केली आणि पुरत्या अडकलो! १८८५ला राजधानी मंडाले इंग्रजांच्या हाती पडली, थिबाला इकडे आणलं, इंग्रजांचा कारभार रंगूनहून, २००५ पासून राजधानी नेप्यिडॉ. इथवर ठीक. गोंधळ आधीचा आहे. १७८३ला आवाहून अमरपुरा, १८२१ला परत आवा, १८४२ला पुन्हा अमरपुरा, मग मंडाले. तिकडे जाताना लाकडी महालच सुटा करून हत्तींकरवी नेला म्हणे. (आमचं एक कपाट जिन्यात अडकलं होतं तर दोन तास गेले.) १८३९च्या भूकंपात आवा उद्ध्वस्त झालं, त्यामुळे १८४२चं कळतं. पण १८२१ला परत का गेले? मराठीत सोपं वाचायला काही सुचवाल का? सोमवारी तक्ता द्यायचाय.