नागपूरच्या लग्नाला कपडे चुरगळू न देता कसे न्यावेत?

गोदाकाठ
मे महिन्यात मावसबहिणीचं लग्न आहे. नाशिकरोडहून रात्री विदर्भ एक्स्प्रेस, सकाळी नागपूरला उतरलो की थेट कार्यालयात. सोबत बाबांचे खळ घातलेले सुती कुर्ते, नवऱ्याचा लिननचा शर्ट आणि आईची तिच्या लग्नातली येवल्याची पैठणी. तिथे इस्त्री मिळेलच असं नाही. बाबांना परीटघडीच लागते, आणि पैठणीची तर मला धास्तीच वाटतेय. छोटी इस्त्री घेऊन गाडीतच फिरवली तर?

सातपूरचा
गाडीत इस्त्री अजिबात नको. डब्यातले सॉकेट मोबाइल-लॅपटॉपपुरतेच असतात, इस्त्रीचा भार त्यांना झेपत नाही. आगीचा धोका आहे.

कुर्त्यांना या खेपेला खळ घालू नका. खळीने कापड ताठ राहतं, पण दाब पडला की मोडही तितकीच घट्ट बसते. इस्त्रीवाल्यांकडून आणलेले कपडे गरम असताना भरू नका, तासभर हँगरवर गार होऊ द्या. सुती आणि लिनन कापड ओल आणि उष्णतेने मऊ पडतं. तसंच दाबलं गेलं की गार होताना ती चुणी पक्की होते. म्हणून ओला टॉवेलही त्या बॅगेत नको.

भरताना कुर्ता बॅगेत उलगडा, घेर आणि बाह्या बाहेर लोंबू द्या. त्यावर दुसरा कुर्ता उलट दिशेने. मधोमध बनियन, परकर, कोरडा टॉवेल यांचं मऊ बोचकं ठेवा आणि लोंबणारे भाग एकेक करून त्याच्यावर ओढून घ्या. कापड गोलाईवर वळतं, धारदार मोड कुठेच येत नाही. बॅग ठासून भरू नका, पण कपडे आत घसरतील इतकी मोकळीही नको. बर्थखाली आडवी ठेवा.

लिनन कितीही जपलं तरी चुरगळणारच. त्याऐवजी पॉलिस्टर मिसळलेला सुती शर्ट न्या, त्याची घडी फारशी मोडत नाही.

पैठणीवेडी
गोदाकाठ ताई, आईंची पैठणी त्या बॅगेत घालूच नका. जुनी जरीची तार वारंवार एकाच रेषेत मोडली की तिथेच तुटते आणि रेशीमही चिरतं. साडी पूर्ण उलगडून जुन्या घड्यांची जागा बदला, प्रत्येक नव्या मोडीत मऊ सुती कापडाची सैल गुंडाळी ठेवा. मग सगळी साडी धुतलेल्या मलमलीत गुंडाळा. मलमल नाशिकच्या मेन रोडला सहज मिळते. वेगळी पिशवी करून वरच्या बर्थवर उशाशी ठेवा, तिच्यावर काही रचू नका. पाणी शिंपडू नका, रेशमावर डाग उमटतात. इस्त्री करायचीच झाली तर उलट्या बाजूने, वर सुती कापड टाकून, मंद आचेवर.

गोदाकाठ
खूप आभार! खळीशिवाय कुर्ते बाबांना पटवावे लागतील. तरी पोहोचल्यावर चुण्या दिसल्याच तर?

सातपूरचा
उतरल्या उतरल्या कुर्ते हँगरवर लावा. चुणी असेल तिथे पाण्याचा हलका फवारा मारा, तळहाताने खालच्या दिशेने ताणून घ्या आणि पंख्याखाली सोडा. नागपूरच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत तुमचा चहा होईपर्यंत वाळतील. फक्त पूर्ण वाळल्याशिवाय बाबांना घालू देऊ नका, बसल्या जागी परत चुणी पडेल.