मदत हवी आहे: नवशिक्या मुलांच्या तलवारबाजी स्पर्धेची दुसरी फेरी कशी ठेवावी?

आठ ते अकरा वयोगटातील, पहिल्यांदाच स्पर्धेत उतरणाऱ्या 18 मुलामुलींसाठी फॉइल या तलवारप्रकाराची अर्ध्या दिवसाची स्पर्धा घ्यायची आहे. मुखवटे, जाकिटे आणि लहान पात्याच्या तलवारी पुरेशा आहेत. पिस्ट (लढतीच्या पट्ट्या) मात्र दोनच, आणि एपी या दुसऱ्या तलवारप्रकाराची साधने नसल्यामुळे प्रकार बदलता येणार नाही.

पहिल्या फेरीत सहा-सहा जणांचे तीन गट केले, तर पाच गुणांच्या 45 लढती होतात, आणि प्रत्येकीला पाच मिनिटे धरली तरी दोन तासांत त्या आटोपतात. सरावात हे करून पाहिले; वेळ लढतीपेक्षा जाकिटाखालची वायर बदलण्यातच अधिक जातो. दुसरी अडचण पंचांची. मोठे प्रशिक्षणार्थी पंचगिरी करतात, पण दोघांचा स्पर्श दाखवणारे दोन्ही दिवे एकदम लागले की आक्रमणाचा हक्क कोणाचा, म्हणजे गुण कोणाला, हे ठरवताना ते अडखळतात, आणि मुले निर्णयासाठी थेट प्रशिक्षकाकडे पाहू लागतात.

नेहमीची बाद फेरी मला या वयाला योग्य वाटत नाही, कारण जे मूल आधीच बिचकलेले असते त्याचाच दिवस सर्वांत लवकर संपतो. म्हणून दोन पर्याय डोळ्यांसमोर आहेत: पहिल्या फेरीच्या निकालावरून समान ताकदीचे नवे गट पाडणे, किंवा दहा गुणांची बाद फेरी ठेवून हरलेल्यांना क्रमांकासाठीच्या लढती देणे.

ज्यांनी अशा स्पर्धा घेतल्या आहेत, त्यांच्या अनुभवात यांपैकी कोणता पर्याय दोन पिस्टवर उरलेल्या दीड तासात बसतो, आणि दोन्ही दिवे लागल्यास गुण कोणालाच न देता लढत पुढे चालवण्याची सवलत नवशिक्यांना द्यावी का?