मदत हवी आहे: गाडीत डावीकडे पायाखाली पाणी साचतंय, येतंय कुठून?

ओलाचिंब

नमस्कार मंडळी. राहणार बडोदा, दांडिया बाजार. गाडी आठ वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक. सनरूफ नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तो एक संशय मिटला.

पाऊस सुरू झाल्यापासून ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटपुढे पाणी साचतंय. आधी वाटलं, ओल्या छत्रीचं असेल. आषाढी एकादशीला आईला मांडवीला विठ्ठलाच्या देवळात घेऊन गेलो, तर उतरताना तिच्या साडीचा काठ चिंब. घरी येऊन मॅट उचलली. खालचं कार्पेट बोटाने दाबलं की स्पंजासारखं पाणी वर येतंय. त्याच बाजूला मागच्या सीटपुढेही ओल आहे, पण कमी.

आतापर्यंतचे उद्योग असे. काचवाल्याने लांबूनच बघून निदान केलं, "काचमांथी आवे छे, सिलिकॉन मारी दउं." मारलं. पुढच्या पावसात परत तेच. मग एसीवाला म्हणाला, एसीच्या पाण्याची नळी तुंबलीय. हवा मारून साफ केली, आता एसी लावला की गाडीखाली पाणी व्यवस्थित टपकतं. पण परवा रात्रभर पाऊस झाला आणि सकाळी गाडीत आमचा सुरसागर तलाव. फक्त मधोमध महादेवाची मूर्ती बसवायची बाकी आहे.

२०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा गाडी आधीच वरच्या भागात नेऊन ठेवली होती, म्हणजे पुराचं पाणी तिने पाहिलेलं नाही. गाडी घरासमोर कडुनिंबाखाली उभी असते. तिसऱ्या माणसाकडे जायच्या आधी म्हटलं, इथे विचारावं.

खारीबिस्किट

पाणी बोटाला बुळबुळीत लागतं का? गोडसर वास येतो का? तसं असेल तर ते पावसाचं नाही, हीटरच्या कॉइलमधून गळणारं कूलंट आहे. मग पुढची काच आतून सारखी धुरकट होते आणि बॉनेटखालच्या डब्यातली पातळी उतरत जाते. चाखून बघू नका हो, विषारी असतं.

ओलाचिंब

नाही, साधं पाणी आहे, जरा मातकट. कुबट वास येतो, पण तो कार्पेटचा. डब्यातली पातळी जिथल्या तिथे आहे.

स्पॅनर_तेरा

कारेलीबागेत बरीच वर्षं गॅरेज चालवलं, आता मुलगा बघतो. दोन्ही कारागिरांनी गळती न शोधताच इलाज केला, म्हणून तुमचे पैसे गेले. पाणी जिथे दिसतं तिथून ते आत येतं असं नसतं. कार्पेटखाली जाड फोम असतो, तो पाणी पितो आणि हळूहळू मागे सरकवतो.

तुम्ही लिहिलंत त्यातल्या दोन गोष्टी मला पुरेशा वाटतात: डावी बाजू आणि कडुनिंब. वायपरच्या खाली प्लास्टिकची जाळी असते बघा. काचेवरून ओघळलेलं पाणी तिच्यातून खालच्या पन्हाळीत पडतं आणि पन्हाळीच्या टोकांच्या भोकांतून पुढच्या चाकांमागे बाहेर जातं. एसीला बाहेरची हवा घ्यायचं तोंडही तिथेच असतं, आपल्याकडच्या गाड्यांत बहुतेक डाव्या बाजूला. कडुनिंबाची पानं आणि काड्या बारीक, जाळीतून सहज आत जातात. पाऊस लागला की कुजून त्यांचा चिखल होतो आणि भोक बुजतं. पाणी चढतं, हवेच्या तोंडातून ब्लोअरमध्ये सांडतं आणि थेट शेजारच्याच्या पायावर.

खात्री करायला एक पैसा लागत नाही. ग्लोव्ह बॉक्स उतरवा, मागे एसीचा फिल्टर असतो, तो बाहेर काढा. ओला असेल किंवा त्यावर पाण्याचे डाग आणि पानांचा चुरा असेल, तर चोर सापडला. कोरडा खडखडीत असेल तर मी चुकलो. मग पाण्याची नळी घेऊन बसू.

गल्लीला उतार आहे का? डावी चाकं खालच्या बाजूला राहतात का?

ओलाचिंब

काका, आत्ताच बघून आलो. फिल्टर नुसता ओला नाही, लिबलिबीत आहे. पापड वाळत घालायच्या आधी दिसतो तसा. वर निंबाच्या काड्या. आणि हो, डावी चाकं गटाराकडे, चार बोटं खालीच असतात. हे तुम्हाला घरबसल्या कसं कळलं!

स्पॅनर_तेरा

एकाच दिशेला उभी राहणारी गाडी एकाच बाजूने भिजते, त्यात जादू काही नाही. आता वायपरचे हात काढून जाळी उचला. हात नीट बसवलेले असतात, उपटू नका, नट सोडून हलवत काढा. कचरा हाताने बाहेर काढा, भोकात ढकलू नका. मग एक-दोन तांबे पाणी ओता आणि चाकामागे धार पडते का बघा.

जाळी बसवल्यावर खरी परीक्षा घ्या. एक जण आत टॉर्च घेऊन बसेल, दुसरा बाहेरून साध्या नळीने पाणी सोडेल. सुरुवात खालून: आधी दाराचा तळ, मग काचेची कड, शेवटी छत. एकेका जागी पाच-दहा मिनिटं थांबा. वरून सुरू केलंत तर सगळंच भिजेल आणि काहीच कळणार नाही. सर्व्हिस स्टेशनची प्रेशरची धार नको, ती चांगल्या रबरातूनही पाणी आत घालते.

ओवा

मध्येच बोलते, कारण हे आमच्याकडे झालंय. गळती बंद झाली म्हणून कार्पेट तसंच ठेवू नका. वरून कोरडं लागतं, खाली फोम आठवडाभर ओला असतो, मग बुरशी आणि पत्र्याला गंज. सीट काढून कार्पेट उचलावंच लागतं. पण सीटखाली पिवळ्या वायरी दिसल्या तर त्या एअरबॅगच्या. आधी बॅटरीची तार काढा, थोडा वेळ जाऊ द्या, मगच त्यांना हात लावा, आणि त्या सुट्या असताना चावी फिरवू नका. आम्ही फिरवली. डॅशबोर्डवर लाल दिवा लागला तो कंपनीच्या माणसाने मशीन लावून घालवला.

वास जायला खाण्याचा सोडा पसरून रात्रभर ठेवा. त्याआधी वर्तमानपत्रं दाबून जेवढं पाणी निघेल तेवढं काढा. उदबत्त्या लावू नका, त्याने देवळात बुरशी आल्यासारखं वाटतं.

खारीबिस्किट

@ओवा, शेवटचं वाक्य अनुभवाचं दिसतंय.

ओलाचिंब

खबर देतो. रविवारी जाळी काढली. डाव्या कोपऱ्यातून निघालेला काळा गाळ घमेल्यात भरला. गाळात एक कडुनिंबाचं रोप, चांगलं दोन पानांचं, उगवलेलं. आईने ते कुंडीत लावलंय. दोन तांबे ओतले, आधी काहीच नाही, मग भसकन धार. नवीन फिल्टर घातला. बॅटरी काढून, सीट काढून कार्पेट गच्चीत तीन दिवस. पत्र्यावर दोन ठिकाणी तांबूस डाग होते, ते घासून प्रायमर लावला.

नंतर काकांच्या पद्धतीने नळी लावली. मुलगी आत टॉर्च घेऊन. पुढे डावीकडे कोरडं! काचेला मारलेलं सिलिकॉन फुकटच होतं म्हणायचं. पण मागच्या डाव्या दारावर पाणी सोडलं तेव्हा आतून ओरडली, "बाबा, दाराच्या खालून थेंब येतायत." मला वाटत होतं, ते पुढचंच पाणी मागे सरकलेलं.

स्पॅनर_तेरा

त्या दारात कधी काही उघडलं होतं का? काच अडकली होती, स्पीकर बसवला, असं काही?

ओलाचिंब

गेल्या दिवाळीत स्पीकर बसवले. चारही दारांत.

स्पॅनर_तेरा

मग तेच. काचेवरून दाराच्या पोटात पाणी उतरतंच, त्यात चूक काही नाही, ते दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर जायचं असतं. आतल्या पॅडमागे प्लास्टिकचा कागद काळ्या चिकट मसाल्याने चिकटवलेला असतो, तो पाण्याला आत येऊ देत नाही. स्पीकरवाले तो फाडतात आणि तसाच सोडतात. पॅड उतरवा, जुना मसाला पुसा, नवा कागद ब्यूटाइल टेपने चिकटवा. साधी सेलोटेप चालणार नाही, उन्हात सुटते. तळाची भोकं काडीने मोकळी करा. आणि बाकीची तीन दारं पण बघा.

ओलाचिंब

टेप आणतो. पुढच्या रविवारी एकदम चारही. गाडी सध्या पिंपळापाशी उभी करतोय, पान मोठं असतं.

स्पॅनर_तेरा

पिंपळाचं पान जाळीतून जात नाही, पण जाळीवर बसून राहतं. आठवड्यातून एकदा हात फिरवत जा.