मदत हवी आहे: पहिला सोलो अल्बम, खंजिरी कशी रेकॉर्ड कराची?

राम राम मंडळी, मी दारव्ह्याकडचा, भजन मंडळात पेटी वाजवतो, आता स्वतः लिहिलेली 7 वऱ्हाडी गाणी एकट्याच्या नावानं काढाची हायेत. रेकॉर्डिंग घरीच चालू हाये, ज्या खोलीत कापूस भरून ठेवला तिथंच, आवाज जरासाही घुमत नाही, फोम कशाले पाह्यजे! पण खंजिरीनं डोकं खाल्लं. माइक जवळ ठेवला का झांजा कानात टोचते अन् दूर नेला का चामड्यावरची थापच गायब. 24 बिटमध्ये लेव्हल कमी ठेवून पण तेच. झांजांले कापडाची पट्टी लावावी का दोन माइक घ्यावे? कोणी केलं असंन तर सांगा.

दुसरं म्हणजे स्पॉटिफायवर गाणं थेट टाकता येत नाही, डिस्ट्रिब्युटर लागते, आयएसआरसी कोड (दर रेकॉर्डिंगचा ओळख नंबर) बी त्याच्याकडून भेटते, एवढं समजलं. वर्षाच्या फीवाला घ्यावा का कमिशनवाला? अन् आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) मेंबर रिलीजच्या आधी व्हावं का मागून चालते?

अमरावती-यवतमाळकडं वाजवी पैशात मास्टरिंग (रिलीजच्या आधी गाण्याच्या आवाजावरचा शेवटचा हात) करणारं कोणी असंन तर इनबॉक्समध्ये सांगा, फक्त डीजेवाला धमाका नको भाऊ.